मुलं बघतात. पण त्यांना कळतं का?

आजचा भाग छोटा आहे, आणि थोडासा कबुलीजबाब पण आहे. विषय आहे लहान मुलांसाठी टीव्ही आणि व्हिडिओ बनवणं.

तुम्हाला माहितीये, मी सॉफ्टवेअरवाला. आधीच्या नोकरीत आमच्या टीमकडे मुलांच्या व्हिडिओंचं एक ॲप होतं. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू व्हायला पाच सेकंद लागायचे. मी ते दोनवर आणले. फार तर दहा ओळींचा कोड. पण मुलांचा बघण्याचा वेळ वाढला, मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं, टीमने बिर्याणी मागवली.

त्याच दिवाळीत ताईकडे सांगलीला गेलो. भाची चार वर्षांची. हातात ताईचा फोन आणि त्यावर आमचंच ॲप! मी शेजारी बसलो. एक व्हिडिओ झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यानंतर विचारलं, "काय गं, कशाची गोष्ट होती?" मान वर न करता म्हणाली, "माहीत नाही मामा. थांब ना, पुढचं लागतंय."

ते "पुढचं" मीच लावून ठेवलं होतं ना! त्या रात्री काही झोप लागली नाही.

मग प्रश्न पडला, मुलांचं लक्ष मोजणं हेच चुकीचं आहे का? वाचत गेलो तर कळलं, तसं नाही. हे काम टीव्हीवाल्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच केलंय, आणि आमच्यापेक्षा बरं केलंय.

१० नोव्हेंबर १९६९ ला अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं. जोन गँझ कूनी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांचं म्हणणं साधं होतं. जाहिरातींची गाणी मुलांना पाठ होतात, तर मग टीव्हीवरून अक्षरं आणि आकडे का नाही शिकवता येणार? आणि ज्या गरीब घरांतल्या मुलांना शाळेआधी फारसं काही मिळत नाही, त्यांच्यापर्यंत हे आधी पोचायला हवं.

त्यांचे संशोधक होते एडवर्ड पामर. त्यांची युक्ती ऐका. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि बाजूला एक स्लाइड प्रोजेक्टर लावायचा. त्यावर दर सात-आठ सेकंदांनी नवीन चित्र. मूल टीव्हीकडे बघतंय की चित्राकडे, हे एक माणूस बसून टिपणार. आपण ज्याला टेस्टिंग म्हणतो ना, तेच, फक्त कागद-पेन घेऊन.

जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी नमुन्याचे भाग मुलांना दाखवले. तज्ज्ञांनी आधी बजावलं होतं, खरी माणसं आणि बाहुल्या एकाच दृश्यात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसं होती. आणि नेमकं तिथेच मुलांचं लक्ष उडालं! मग त्यांनी तो सल्ला बाजूला ठेवला. जिम हेन्सनच्या मंडळींनी बिग बर्ड नावाचा आठ फुटी पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडका ऑस्कर थेट रस्त्यावर आणले.

पण खरी गंमत पुढे आहे. लक्ष टिकलं म्हणून ते थांबले नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी बाहेरच्या संस्थेकडून मुलांची चाचणी घेतली, कार्यक्रम बघण्याआधी आणि नंतर. जी मुलं जास्त बघत होती ती जास्त शिकली, असं त्यात दिसलं. म्हणजे आकडे दोन होते. बघितलं किती, आणि कळलं किती. आमच्या डॅशबोर्डवर दुसरा रकानाच नव्हता.

१९९६ मध्ये 'ब्लूज क्लूज' आलं. तिथे तर आणखी भारी. सोमवार ते शुक्रवार एकच भाग! सूत्रधार मुलांना प्रश्न विचारतो आणि चक्क गप्प बसतो. मुलांना विचार करायला वेळ देतो. शुक्रवारपर्यंत मुलं टीव्हीसमोर उत्तरं ओरडायला लागतात. मोठ्यांना कंटाळा येतो, पण मुलांना तेच ते परत बघण्यात मजा येते, कारण आता त्यांना जमतंय. त्यांनी मुद्दाम शांतता ठेवली, आणि मी तीन सेकंद कापून बिर्याणी खाल्ली.

आता आपल्याकडचं बघू. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी 'बालचित्रवाणी' पुण्यात १९८४ साली सुरू झाली होती. तीही काही वर्षांपूर्वी बंद पडली. मग आता मराठीत मुलांसाठी कोण बनवणार? तुमच्या-माझ्यासारखे फोनवाले.

म्हणून मी आणि दोन मित्र सुट्टीच्या दिवशी तीन-तीन मिनिटांच्या मराठी गोष्टी बनवतो. पामरसाहेबांची युक्ती आम्ही गरिबीत केली. एका फोनवर आमची गोष्ट, शेजारच्या फोनवर बदलती चित्रं, आणि समोर सोसायटीतली सात मुलं, त्यांच्या आयांना विचारून. माकड चिखलात पडतं तिथे सगळे खिदळले, एकानेही मान वळवली नाही. आम्ही खूश! मग विचारलं, माकड का पडलं? कुणालाच सांगता येईना. गोष्टीचा सगळा मुद्दा त्या "का" मध्ये होता.

आता त्या प्रसंगाआधी आजी विचारते, "आता काय होईल रे?" आणि चार सेकंद काहीच होत नाही. माझ्या मित्राला ते चार सेकंद अजून खुपतात. पण पुढच्या वेळी सातपैकी पाच जणांनी कारण सांगितलं. सात मुलं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मान्य. पण दुसरा रकाना सुरू झाला.

ती नोकरी मी सोडली, पण माझे ते दोन सेकंद कदाचित अजूनही तिथे चालू असतील. तुमच्यापैकी कुणी मुलांसाठी रील, ॲप, गोष्ट, काहीही बनवत असेल तर एवढंच करा. एका मुलाशेजारी बसा, व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेवा आणि विचारा, "काय झालं त्यात?" काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!