चार बाजू पुरत नाहीत
(चिंचपाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गणिताचा शिक्षक बोलायला उभा राहिला की श्रोत्यांच्या पोटात गोळा येतो, याची मला कल्पना आहे. म्हणून मी फळ्यापासून नव्हे, खाटेपासून सुरुवात करतो.

सुतळीने विणलेल्या जुन्या खाटेचे सांधे ढिले झाले की ती तिरकी होते. तिच्या चार दांड्यांपैकी एकीचीही लांबी कमी-जास्त झालेली नसते. मग बिघडले काय? कोपरे! एक कोपरा 90 अंशांवरून 80 वर आला की शेजारचा 100 वर जातो आणि समोरचा पुन्हा 80 वर येतो. पुस्तकात हेच लिहिले आहे: समांतरभुज चौकोनाचे संमुख कोन सारखे असतात आणि लगतच्या कोनांची बेरीज 180 अंश भरते. समांतर रेषांना तिसरी रेषा छेदते तेव्हा तिच्या एकाच अंगाचे दोन आंतरकोन मिळून 180 अंश होतात, त्याचाच हा परिणाम. म्हणून समांतरभुज चौकोनाचा एक कोन कळला की चारही कळतात. समलंब चौकोनात एका कोनावरून एकच जास्त कळतो. सर्वसाधारण चौकोनात चारांची बेरीज 360 एवढेच हाती लागते. कारण कर्ण काढला की दोन त्रिकोण मिळतात, प्रत्येकी 180 अंशांचे.

हा सिद्धांत मला नववीत तोंडपाठ होता. त्याच वर्षी अब्बांनी घरासाठी प्लॉट घेतला. समोरासमोरच्या बाजू 30-30 आणि 40-40 फूट. टेपचे दुसरे टोक मीच धरले होते. विकणाऱ्याने तीस गुणिले चाळीस बाराशे असा हिशोब केला, अब्बांनी बाराशे चौरस फुटांचे पैसे मोजले आणि मी मान डोलावली. पुढे गवंडीचाचांनी पायाच्या आखणीसाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली. काटकोन असता तर दोन्ही कर्ण 50 फूट यायला हवे होते. एक आला 43 फूट 4 इंच, दुसरा 55 फूट 10 इंच! म्हणजे कोपरा 75 अंशांचा आणि जागा सुमारे 1159 चौरस फूट. दोन खाटा मावतील एवढी जमीन आम्ही विकत घेतली होती, पण ती तिथे नव्हतीच. गवंडीचाचा शाळेत गेले नव्हते. मी गेलो होतो.

पुढे कळले की ही चूक फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त ती सांगून ठेवली आहे. चार बाजू कायम असूनही चौकोनाचा आकार कायम नसतो. म्हणून एखादा कर्ण किंवा लंब न सांगता जो निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे! (त्या दिवशी विचारणारे अब्बा आणि उत्तर देणारा विकणारा, मान डोलावणाऱ्याला काय म्हणावे ते त्यांनी लिहिलेले नाही.) त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याचा शिलालेख आपल्याच जुन्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. याच ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून फैजीने 1587 मध्ये केले.

पालकांनो, प्लॉट घेताना चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजून घ्या; ते सारखे नसतील तर लांबी-रुंदीचा गुणाकार मान्य करू नका. टेप मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या आणि कारण त्यांच्याकडूनच ऐका.

आमचे घर हद्दीच्या रेषेतच बांधले गेले. खाट भिंतीला लावली की उशाकडे वीतभर तिकोनी फट राहते. अम्मी तिथे सूप ठेवते.