वॉकीटॉकी येतो कुठून?

१७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हजारो पेजर फुटले आणि दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, वॉकीटॉकी फुटले. दोन दिवसांत तीसहून अधिक माणसं दगावली, हजारो जखमी झाली. त्यामागचं राजकारण हा आपला आजचा विषय नाही. पण फुटलेल्या वॉकीटॉकींची जी छायाचित्रं जगभर छापून आली, त्यांत आयकॉम या जपानी कंपनीचं नाव आणि ‘मेड इन जपान’ ही अक्षरं दिसत होती. कंपनीनं खुलासा केला, की आयसी-व्ही८२ हा संच आम्ही २००४ ते २०१४ या काळात बनवला, नंतर तो आणि त्याची बॅटरी दोन्ही बंद केली. बनावट माल ओळखता यावा म्हणून लावलेलं होलोग्रामचं लेबल या संचांवर नाही. त्यामुळे ते आमच्याच कारखान्यातून गेले की नाही, हे सांगता येत नाही. म्हणजे वस्तूवर गावाचं नाव होतं, पण ती आपल्या गावची आहे याची खात्री खुद्द गावकऱ्यालाही देता आली नाही.

हौशी रेडिओवाल्यांना या बातमीनं जास्तच अस्वस्थ केलं, कारण हा संच त्यांच्या ओळखीचा. हौशी रेडिओ म्हणजे लोक ज्याला हॅम रेडिओ म्हणतात तो छंद. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचं संकेतनाम मिळवायचं आणि नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपल्यासारख्याच लोकांशी बोलायचं. यात धंदा नाही, पैशाची देवाणघेवाण नाही. मीही त्यातलाच एक. त्यामुळे ‘ट्रेकला जातोय, कुठला वॉकीटॉकी घेऊ?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दुकानातलं किंवा इंटरनेटवरचं एखादं नाव सांगून मोकळं होता येईल. पण हा संच कुठे बनतो, कसा बनतो, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही, असं माझं मत आहे.

शंभर वर्षांपूर्वी उत्तर सोपं होतं. संच घरात बनत असे. अमेरिकेतली मुलं ओटच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यावर तांब्याची तार गुंडाळून कॉइल तयार करत. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावचा आर्थर कॉलिन्स हा त्यांपैकीच एक. १९२५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं घरी बनवलेल्या यंत्रावरून उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी संपर्क साधला. मोहिमेचे निरोप घेऊन तो गावातल्या तार ऑफिसात जायचा आणि ते वॉशिंग्टनला पाठवायचा. १९३३ साली त्यानं कंपनी काढली. हौशी मंडळींसाठी संच बनवणारी ही कंपनी पुढे इतकी वाढली, की चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांतली संपर्कयंत्रणा तिची होती.

ज्यांना कॉलिन्सचा संच परवडत नसे, त्यांच्यासाठी मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी सुटे भाग खोक्यात घालून पाठवायची. त्याला हीथकिट म्हणत. सोबत पुस्तिका असे. ती वाचत एकेक भाग जागेवर बसवायचा, सोल्डर करायचा. आपल्याकडे तर ही घरगुती अवस्था फार काळ टिकली. परदेशी संच आणणं सोपं नव्हतं आणि परवडतही नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेली लष्करी यंत्रं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे सुटे भाग आणि ओळखीच्या एखाद्या जाणत्या हॅमचा सल्ला, एवढ्यावर पुष्कळांनी आपापली केंद्रं उभी केली. संच बिघडला तर तो बनवणाराच दुरुस्त करी. आत काय आहे हे त्याला ठाऊक असे.

मग जपान आलं. युद्धानंतर तिथे हौशी रेडिओला पुन्हा परवानगी मिळाली ती १९५२ साली. थोड्याच वर्षांत मोर्सची परीक्षा न देता मिळणारा सोपा परवाना निघाला आणि शाळकरी मुलांपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्यात उतरले. १९९०च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये तेरा लाखांहून अधिक हौशी केंद्रं होती. घरातच एवढं गिऱ्हाईक असल्यावर कारखाने उभे राहणारच. नागानो प्रांतात १९४६ साली निघालेलं कासुगा बंधूंचं रेडिओचं दुकान पुढे ट्रायो आणि मग केनवूड झालं. याएसू कंपनीचा संस्थापक स्वतः हॅम होता. आयकॉमही १९५४ साली छोट्या कारखान्याच्या रूपानं सुरू झाली. १९७० साली याएसूनं एफटी-१०१ हा संच काढला. शेवटच्या टप्प्यातल्या तीन व्हॉल्व्ह सोडल्या तर बाकी सगळा ट्रान्झिस्टरवर चालणारा, उचलून नेता येणारा आणि अमेरिकी संचांहून स्वस्त. त्यानंतर अमेरिकी कंपन्या एकेक करून या बाजारातून मागे सरकल्या. हीथकिटचीही खोकी १९९२ साली बंद झाली. तरीही जपानी संचाबरोबर सर्किटचा नकाशा मिळत असे. झाकण उघडून पाहण्याची सवय पूर्ण सुटली नव्हती.

याच काळात अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. तो आपल्याला आज उपयोगी पडणारा आहे. १९५८ साली सरकारनं सामान्य नागरिकांसाठी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास एक पट्टा खुला केला. त्याचं नाव सिटिझन्स बँड. परीक्षा नाही, फक्त अर्ज. १९७३ साली तेलाचा तुटवडा झाला, रस्त्यावर वेगमर्यादा आली आणि ट्रकवाले डिझेल कुठे मिळतं, पोलिस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना या संचावरून सांगू लागले. त्याची एवढी साथ आली, की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा ‘फर्स्ट मामा’ असं टोपणनाव घेतलं. २३ चॅनेल अपुरे पडले, म्हणून १ जानेवारी १९७७पासून ते ४० केले. पण गोंगाट इतका वाढला होता, की कुणाला कुणाचं ऐकू येईना. जुने संच मातीमोल झाले आणि काही वर्षांत ती लाट ओसरली. शेवटी १९८३ साली परवान्याची अटच काढून टाकण्यात आली.

आता आजच्या संचाकडे येऊ. त्याचा पत्ता शोधत गेलात, तर बहुतेक वेळा तुम्ही चीनच्या फुच्येन प्रांतातल्या च्वानचौ या शहरापाशी पोचता. बाओफेंग, वूशुन, टीवायटी, क्वानशेंग ही नावं तुम्ही संचांवर वाचली असतील. या सगळ्या कंपन्या याच परिसरातल्या. हे बंदर आपल्याला अगदीच परकं नाही. मार्को पोलोनं ज्याचं वर्णन जैतून म्हणून केलं ते हेच. तेराव्या शतकात इथे तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर बांधलं होतं. १२८१ सालचा तमिळ शिलालेख आणि त्या मंदिराचे कोरीव दगड तिथे सापडले आहेत. पूर्वी मिरी आणि रेशीम जिथून जायचं, तिथून आता वॉकीटॉकी जातात.

बाओफेंग कंपनी २००१ साली निघाली आणि २०१२ साली तिनं यूव्ही-५आर हा संच बाजारात आणला. किंमत पंचवीस-तीस डॉलर. तोवर हौशी माणसाला हातात धरायचा संच घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. हे जमलं कसं? पूर्वी लहरी पकडणं, त्या बदलणं, गाळणं, त्यांतून आवाज काढणं ही कामं वेगवेगळ्या सर्किटांची होती आणि प्रत्येकाला कारखान्यात हातानं जुळवावं लागे. ती सगळी कामं शांघायच्या एका कंपनीनं बनवलेल्या नखाएवढ्या चिपमध्ये गेली. जुळवाजुळव संपली, मजुरी वाचली, किंमत कोसळली. गरीब देशांतल्या कित्येक तरुणांना पहिला संच मिळाला तो यामुळे, हे मान्य करायलाच हवं.

पण स्वस्ताईची किंमत कुठे तरी वसूल होतेच. तंबोऱ्याची तार छेडली, की षड्जाबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वरही ऐकू येतात. तंबोऱ्यात तो गोडवा आहे, रेडिओत मात्र उपद्रव. संच १४५ मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर त्याच्या दुप्पट २९० आणि तिप्पट ४३५ मेगाहर्ट्झवरही त्याचा पुसट आवाज उमटतो. तो अडवण्यासाठी चांगले फिल्टर बसवावे लागतात आणि काटकसर नेमकी तिथे होते. अमेरिकेतल्या हौशी संघटनेच्या प्रयोगशाळेत तपासलेले असे कित्येक संच या कसोटीला उतरले नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात बोलू शकतो. हौशी मंडळींना नेमून दिलेला भाग त्यातला लहानसा तुकडा. बाकीच्या जागेत समुद्रावरची जहाजं आहेत, सुरक्षा यंत्रणा आहेत. वॉकीटॉकीवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. तुम्ही चुकून भलत्या जागी बटण दाबून धरलंत, तर तेवढा वेळ तिथला दुसरा आवाज दबतो. तो आवाज मदत मागणारा असू शकतो.

म्हणून आपल्याकडे कायदा आहे. असा संच बाळगायला आणि वापरायला परवाना लागतो. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे, पण त्या मॉडेललाही सरकारी मान्यता हवी. हे ग्राहकाला कुणी सांगत नव्हतं. खेळण्याच्या शेजारी वॉकीटॉकी विकले जात होते. अखेर मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ कंपन्यांना नोटिसा दिल्या. त्यानंतर मार्गदर्शक तत्त्वं आली. संच कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, मान्यता आहे का, हे आता जाहिरातीतच सांगणं बंधनकारक आहे.

तिसरा गैरसमज पल्ल्याचा. ‘संकटात उपयोगी पडेल’ म्हणून लोक हा संच घेतात. हातातल्या संचाची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. सिंहगडावरून राजगड दिसतो, म्हणून तिथे बोलता येतं. खाली दरीत उतरलात, की संपलं. सपाट मैदानावर फार तर आठ-दहा किलोमीटर आणि शहरातल्या इमारतींत एक-दोन. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामीनं अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी मोहिमेवर होत्या. त्यांनी हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मुख्य भूमीवर निरोप पोचवले, हरवलेल्यांची खुशाली कळवली. ते काम शॉर्टवेव्हच्या संचाचं आणि नीट बांधलेल्या अँटेनाचं होतं. कुठली लहर कुठल्या वेळी कुठे पोचेल हे ठाऊक असलेल्या माणसाचं तर त्याहून अधिक.

हे ज्ञान कारखान्यातून खोक्यात भरून येत नाही. ते पुन्हा हातात घेण्याची धडपडही चालू आहे आणि तिचं एक ठळक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ साली ‘बिटएक्स’ नावाच्या शॉर्टवेव्ह संचाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. भाग असे निवडले, की ते आपल्या बाजारात मिळावेत. कॉइलसाठी लागणारी खास कडी मिळत नव्हती, तर त्यांनी नळाचे वॉशर वापरले. २०१६पासून त्याच घराण्यातला संच तयार सर्किटच्या रूपात मिळू लागला. हैदराबादमध्ये स्त्रियांचा एक गट त्याच्या कॉइल हातानं गुंडाळत असे. हे संच जगभर गेले. त्यातले सगळे भाग भारतीय नाहीत, पण आत काय आहे हे लपवलेलं नाही. वाचून, समजून त्यात बदल करता येतो. चिनी संचांच्या बाबतीतही असं घडतं आहे. क्वानशेंगच्या यूव्ही-के५ या संचातलं सॉफ्टवेअर हौशी लोकांनी उलगडलं आणि स्वतः लिहून त्यात नव्या सोयी घातल्या. कारखाना च्वानचौचा, पण बुद्धी पुन्हा घरच्या टेबलावरची.

तेव्हा कुठला संच घ्यावा, या प्रश्नाला माझं उत्तर असं. ट्रेकपुरता हवा असेल, तर परवान्यातून सूट असलेल्या पट्ट्यातला आणि मान्यता मिळालेला संच घ्या. पावती घ्या, मान्यतेचा क्रमांक पाहा, अनोळखी बनावटीची बॅटरी त्यात घालू नका. त्याहून जास्त हवं असेल, तर आधी परीक्षेला बसा. बारा वर्षांचं मूलही ती देऊ शकतं आणि अभ्यासक्रम शाळेतल्या विज्ञानाच्या फार पुढचा नाही. जवळपास कुणी परवानाधारक असेल तर त्याच्या शेजारी बसून चार संध्याकाळी नुसतं ऐका. बोलण्याआधी ऐकायची सवय लागली, की अर्धं काम झालं. संच त्यानंतर घेतलात तरी चालेल. तोवर तो जपानचा घ्यावा, चीनचा घ्यावा की घरी बनवावा, हे तुमचं तुम्हालाच कळू लागलेलं असेल.