एका ‘जमा झाले’ची गोष्ट : इनम, लोकल आणि जुनी ॲप्स

मागे लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आमची खिडकी जोगेश्वरी स्टेशनच्या बाजूलाच उघडते. आणि तुम्ही हे ऐकत नसून वाचत असाल, तर आवाजाचा प्रश्नच नाही, तेवढं बरं.

आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे: इनम. म्हणजे बघा, एखाद्या गोष्टीची किंमत ठरलेल्या यादीतलीच एक असू शकते, बाहेरची नाही, अशी यादी. फॉर्म भरताना ड्रॉपडाउन उघडतो ना, साधारण तेच. सर्व्हर आणि तुमच्या फोनमधलं ॲप एकमेकांशी बोलतात तेव्हा काय बोलायचं याचा एक करार लिहिलेला असतो, त्याला इंटरफेस डेफिनिशन म्हणतात. त्या करारात या याद्या असतात. पेमेंटची स्थिती, ऑर्डरची स्थिती, गाडीचा प्रकार, सगळं.

आता यादी म्हटलं की आपल्याला वाटतं, एकदा ठरली की ठरली. माझ्याच स्टेशनचं उदाहरण घेऊ. चर्चगेटला १ धरून मोजत निघालात तर जोगेश्वरी १७वं येतं. त्यानंतर गोरेगाव, १८वं. हे वर्षानुवर्षं असंच होतं. मग २२ डिसेंबर २०१६ला जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर स्टेशन सुरू झालं. समजा एखाद्याने स्टेशनांची यादी क्रमाने लिहिली होती आणि कॉम्प्युटरला सांगितलं होतं की आकडे तूच दे. त्याने राम मंदिर बरोबर जागेवर, म्हणजे मधोमध, घातलं. झालं काय? १८ म्हणजे राम मंदिर, आणि गोरेगाव १९वर ढकललं गेलं. पण डेटाबेसमध्ये जुन्या नोंदी १८ म्हणूनच पडलेल्या आहेत. कालपर्यंत गोरेगावला उतरणारी सगळी माणसं एका रात्रीत राम मंदिरला उतरायला लागली! कुठे एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. आकडा आहे, आकड्याला नाव आहे, फक्त नाव चुकीचं आहे.

बरं, आकडे नको, नावच ओळख म्हणून ठेवू म्हणाल, तर एल्फिन्स्टन रोडचं जुलै २०१८मध्ये प्रभादेवी झालं. स्टेशन तिथेच, प्लॅटफॉर्म तेच, पाटी वेगळी. म्हणून ओळख वेगळी आणि दाखवायचं नाव वेगळं ठेवायचं. ओळख कधी बदलायची नाही, नाव हवं तितक्या वेळा बदला. आणि एकदा वापरलेला आकडा, ती गोष्ट बंद झाली तरी, दुसऱ्याला द्यायचा नाही. प्रोटोबफमध्ये त्यासाठी ‘रिझर्व्ह्ड’ असा शब्दच आहे. हे सगळं मला कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं बीटेक केलं, इनमवर दोन मार्कांचा प्रश्न आला होता बहुतेक.

आता माझी गोष्ट. २०२१ सालची, माझी पहिली नोकरी. कंपनी छोटी, नाव सांगत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना रोजची कमाई दिसावी आणि ती खात्यात जावी, यासाठीचं ॲप आम्ही बनवत होतो. कमाईच्या स्थितीची यादी अशी होती: ० म्हणजे जमा झाले, १ म्हणजे प्रक्रियेत, २ म्हणजे अयशस्वी. यादी मीच लिहिली होती. सगळ्यात जास्त वेळा येणारी स्थिती आधी लिहावी, एवढाच विचार केला होता.

सुरुवातीला ॲपमध्ये असं होतं की यादीबाहेरचा आकडा आला की ॲप बंद पडायचं. टेस्टिंगमध्ये एकदा तसं झालं, आणि वरून निरोप आला की ॲप कुठल्याही परिस्थितीत बंद पडता कामा नये. मी एक ओळ घातली: आकडा ओळखता आला नाही तर यादीतला पहिला घटक धर. ॲप बंद पडायचं थांबलं. मला शाबासकी मिळाली.

तुम्हाला आठवत असेल, त्याच सुमाराला सरकारी बँकांच्या विलीनीकरणामुळे आयएफएससी कोड बदलत होते. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२०ला कॅनरा बँकेत विलीन झाली होती, आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१पासून चालेनासे झाले. आमच्या बऱ्याच मुलांनी जुनाच कोड भरलेला. पैसे पाठवले की परत येत होते. मग ठरलं की अशी रक्कम थांबवून ठेवायची आणि मुलाला सांगायचं, कोड बदल. नवी स्थिती आली: ३ म्हणजे रोखून ठेवले. मी सर्व्हरवर घातली, नव्या ॲपमध्येही घातली. नवी आवृत्ती प्ले स्टोअरवर गेली. तीन दिवस थांबलो, लोकांनी अपडेट केलं असेल असं धरलं, आणि सर्व्हर चालू केला.

आता हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या फोनवर ‘स्टोरेज फुल’ असं येतं? तेच. सोळा जीबीचा फोन, त्यात व्हॉट्सॲपचे फोटो, अपडेट होणार कुठून. जुन्या ॲपला ३ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याने माझ्या ओळीप्रमाणे यादीतला पहिला घटक उचलला. आणि हिरव्या अक्षरांत दाखवलं: जमा झाले.

म्हणजे ज्यांचे पैसे आम्ही रोखले होते, नेमकं त्यांनाच ॲप सांगत होतं की पैसे मिळाले. ॲप बंद पडलं असतं ना, तर बरं झालं असतं हो.

शुक्रवारी संध्याकाळी फोन यायला लागले. आमच्याकडे वेगळं कॉल सेंटर नव्हतं, आळीपाळीने आम्हीच उचलायचो. एक जण नालासोपाऱ्याचा होता. त्याने ॲपवर हिरवं बघून घरमालकाला सांगून टाकलं होतं, उद्या भाडं देतो. मग एटीएमवर गेला तर खात्यात काही नाही. तो चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, “दादा, बँक म्हणते आले नाहीत, तुमचं ॲप म्हणतं दिले. मी मालकाला कोणतं दाखवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिटमध्ये ती ओळ उघडली, बाजूला माझंच नाव.

त्या रात्री इलाज साधाच निघाला. ॲप प्रत्येक वेळी आपली आवृत्ती सर्व्हरला सांगतंच. जुनी आवृत्ती असेल तर ३ पाठवायचाच नाही, त्याऐवजी १ पाठवायचा: प्रक्रियेत. पूर्ण खरं नाही, पण खोटंही नाही. कुणाला काही अपडेट करायला न लावता तासाभरात हिरवं गेलं. सोबत एसेमेस पाठवला, कोड बदला म्हणून.

मग नीट विचार केला. पहिली गोष्ट, ० ही जागा मोलाची आहे. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत इनमचा पहिला घटक शून्यच असावा लागतो, आणि तिथे ‘सांगितलेलं नाही’ असं काहीतरी ठेवण्याची पद्धत आहे. कारण काहीच पाठवलं नाही तर शून्यच वाचला जातो. मी त्या जागेवर ‘पैसे दिले’ ठेवलं होतं. आता मोह असा की ०चा अर्थच बदलून टाकावा. नाही! जुन्या फोनमध्ये ० म्हणजे अजून जमा झालेच आहे. राम मंदिरचाच घोळ. आम्ही नवं फील्ड केलं, त्यात शून्यावर ‘सांगितलेलं नाही’, आणि जुनं फील्ड होतं तसं चालू ठेवलं.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. यादीत घटक वाढवणं धोक्याचं की नाही, हे बोलणारा कोण यावर आहे. ॲप सर्व्हरला जे पाठवतं त्या यादीत तुम्ही घटक वाढवलात तर काही बिघडत नाही, जुनं ॲप तो पाठवणारच नाही. तिथे घटक काढून टाकणं धोक्याचं. पण सर्व्हर जे परत पाठवतो त्या यादीत वाढवलात, तर ज्याला तो शब्द शिकवलेला नाही त्याच्या तोंडावर तुम्ही तो फेकता. करार ओपनएपीआयमध्ये लिहा, जुन्या एक्सएमएल स्कीमामध्ये लिहा, यादी बंद म्हणून लिहिली असेल तर नवा शब्द म्हणजे करारभंगच. ग्राफक्यूएलवालेही असा बदल धोक्याचाच मानतात.

मग काही जण म्हणतात, इनमच नको, साधी स्ट्रिंग ठेवा, काय यायचं ते येऊ दे. मला हे पटत नाही. त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त करारातून दिसेनासा होतो. अनोळखी शब्द आल्यावर ॲपने काय करायचं, हे कुणीतरी लिहावंच लागतं. आठवड्याचे वार खुशाल बंद यादीत ठेवा, आठवा वार येणार नाही. बाकी बहुतेक याद्यांत राम मंदिर येतं.

आणि एक राहिलंच: दोन प्रश्न एका यादीत कोंबू नका. गाडी स्लो की फास्ट, अशी यादी केलीत. २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल आली. लगेच ‘एसी फास्ट’, ‘एसी स्लो’? मग लेडीज स्पेशलचं काय? दोन घटकांचे आठ होतात. एसी हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळी जागा द्या. आम्हीही शेवटी तेच केलं. पैसे खात्यात पोचले का, हे एक फील्ड, आणि नसतील तर का नाही, हे दुसरं. दुसऱ्यातला शब्द ॲपला कळला नाही तरी पहिलं उत्तर खोटं पडत नाही. शिवाय सर्व्हर एक मराठी वाक्यही सोबत पाठवायचा, जुन्या फोनवर निदान तेवढं तरी दिसावं म्हणून.

नालासोपाऱ्याच्या त्या मुलाचे पैसे मंगळवारी पोचले. मी ती कंपनी सोडली तेव्हा जुनं फील्ड अजून चालूच होतं, कारण अकरा फोन अजून जुन्याच आवृत्तीवर होते. चला, गाडी येतेय, रेकॉर्डिंग थांबवतो.