शिक्षकाची पदवी आणि मुलाचे मन

(कारधा, जिल्हा भंडारा येथे शिक्षक, छात्राध्यापक आणि मानसशास्त्राचे पदवी-विद्यार्थी यांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी शेजारी बसले आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका बाजूला शिक्षक होऊ इच्छिणारे तरुण-तरुणी आहेत. दुसऱ्या बाजूला बी. ए.ला मानसशास्त्र हा विषय घेतलेले. एरवी या दोघांची गाठ क्वचितच पडते. शिक्षक होणाऱ्याला आयुष्यभर मुलांपुढे उभे राहायचे असते, पण मुलाच्या मनाशी त्याची ओळख एका प्रश्नपत्रिकेपुरती करून दिली जाते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मनाचे शास्त्र तीन वर्षे शिकवले जाते, पण शाळेच्या पायरीवर त्याला कोणी बोलावीत नाही. एकाजवळ मुले आहेत, शास्त्र नाही. दुसऱ्याजवळ शास्त्र आहे, मुले नाहीत. ही फारकत कोणी केली, ती कोणाच्या सोयीची आहे आणि तिची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकासंबंधी एक मोलाची मागणी होती. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसे वेतन असावे, आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्याने लाजू नये. जोतीरावांनी मानसशास्त्र हा शब्द वापरला नव्हता. परंतु ज्याला मुलाचे घर ठाऊक नाही, त्याला मुलाचे मन ठाऊक असणे शक्य नाही, हे त्या मागणीमागचे सूत्र होते.

पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नयी तालीमची योजना सिद्ध केली. त्या वेळी आपला भंडारा जिल्हा आणि वर्धा एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. हाताने केलेल्या कामातून बुद्धी वाढते, हा त्या योजनेचा पाया होता. आणखी एक धारा पश्चिमेकडून आली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर उघडले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. शहरातली सुबक साधने पाड्यावर परवडत नाहीत, म्हणून त्यांनी शंख, बिया, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणावर नेली. मुलाचे निरीक्षण आधी आणि पाठाचे टिपण नंतर, हा क्रम त्यांनी पाळला. आमच्या अभ्यासक्रमांनी तो नेमका उलटा केला आहे.

मित्रहो, आता वर्तमानाकडे वळू. डी. एड.च्या नावाने महाराष्ट्रात जो बाजार भरला, तो तुमच्या घरांनी पाहिला आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेड्यापाड्यांत विनाअनुदानित अध्यापक विद्यालये निघाली. बारावी झालेल्या मुला-मुलींच्या आईबापांनी, कोणी धानाची बांधी गहाण टाकून, कोणी बैलजोडी विकून, तेथे शुल्क भरले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्या आयोगापुढचे प्रकरण मुळात महाराष्ट्रातल्या २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचे होते, आणि तपासणीत त्यांतली बहुसंख्य अपात्र ठरली. म्हणजे मान्यता देणारी यंत्रणा होती, नियम होते, तपासनीस होते. तरीही शिक्षक घडवण्याच्या नावाखाली पदविका विकल्या गेल्या. २०१० नंतर कित्येक वर्षे मोठी भरती झाली नाही. विद्यार्थी येईनासे झाले, विद्यालये बंद पडू लागली. संस्थाचालकांनी फलक बदलले. पदविका घेऊन बसलेल्या मुलांना मात्र आपले वय बदलता आले नाही.

ज्यांना नोकरी मिळाली त्यांची कथा काय? २००० साली शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. तीन वर्षे मानधनावर काम आणि मग नियमित वेतन. प्राथमिक शिक्षणसेवकाला आरंभी दरमहा ३००० रुपये मिळत. पुढे ते ६००० झाले. २०२३ च्या जानेवारीपासून १६,००० झाले. 'सेवक' हा शब्द मोठा पवित्र आहे. पण शिक्षकाच्या ताटात कमी वाढायचे असले की तो शासनाला नेमका आठवतो. ज्या माणसाला महिनाअखेरीस किराणा दुकानदाराची नजर चुकवावी लागते, त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो की त्याने चाळीस मुलांच्या नजरेत डोकावून त्यांची भीती ओळखावी. मानसशास्त्राचा पहिला धडा येथेच आहे: असुरक्षित माणूस दुसऱ्याला सुरक्षितता देऊ शकत नाही.

२०१३ पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. गुणवत्तेची चाळणी असू नये असे कोणीही म्हणणार नाही. पण या चाळणीचे छिद्र कसे आहे पाहा. १५० गुणांच्या परीक्षेत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला ३० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर, कोहलरचा वानर आणि स्किनरचे कबुतर एवढा प्राणिसंग्रह पाठ केला की मुलाचे मन समजले, असे प्रमाणपत्र मिळू शकते. या शास्त्रज्ञांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी आयुष्यभर निरीक्षण केले. आम्ही त्यांच्या निरीक्षणाचे पाठांतर करतो आणि स्वतः निरीक्षण करणे सोडून देतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

बुद्धिमापनाचे उदाहरण घ्या. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापन कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना विशेष मदत देता यावी, हा तिचा उद्देश होता. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर करण्याचे परिश्रम घेतले. १९४० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण मदतीसाठी जन्मलेली कसोटी हळूहळू शिक्का मारण्याचे साधन झाली. 'हुशार', 'मध्यम', 'ढ' हे तीन कप्पे आजही कित्येक वर्गांत आहेत, आणि बाकावरची शेवटची रांग बहुधा कोणत्या वस्तीची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

झाडीपट्टीतल्या मुलापुरते बोलू. ते पहिलीत येते तेव्हा घरची झाडीबोली घेऊन येते. त्याच्या तोंडी 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. ते 'पानी' म्हणते, 'डोरा' म्हणते. शिक्षक हसतो, त्याच्याबरोबर वर्ग हसतो. त्या दिवशी ते मूल एक गोष्ट पक्की शिकते: येथे तोंड उघडणे धोक्याचे आहे. मग वर्षअखेर आपण नोंद करतो, 'विद्यार्थी अबोल आहे, प्रतिसाद देत नाही.' डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचून दाखवून दिले की झाडीबोलीला स्वतःची व्यवस्था आहे, स्वतःचे साहित्य आहे. हे ज्ञान भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत शिकवणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाच्या अभ्यासक्रमात असायला हवे. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे. ती घरच्या बोलीच्या खांद्यावर हात ठेवून शिकवता येते, तिचा गळा दाबून नव्हे. तीच गोष्ट गैरहजेरीची. आषाढात रोवणी सुरू झाली की धाकट्या भावाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. हजेरीपटात ती 'अनियमित' असते. घरात ती दहा वर्षांची आई असते. हजेरीपट वाचणारा शिक्षक तिला रागावेल; मन वाचणारा शिक्षक तिला भावासकट वर्गात बोलावील.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. याच कारध्याच्या पुलावर पाण्याची पातळी मोजली जाते आणि तिच्यावरून साऱ्या परिसराला इशारा दिला जातो. पूर ओसरल्यावर तलाठी आले, पंचनामे झाले, घरांच्या भिंती मोजल्या गेल्या. ते व्हायलाच हवे होते. परंतु पाऊस वाढला की दप्तर छातीशी धरून बसणाऱ्या मुलाचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा? २०२५ च्या २४ जानेवारीला जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला, कामगारांचे प्राण गेले. अशा घरांतली मुले दुसऱ्या आठवड्यात शाळेत येऊन बसतात आणि आम्ही त्यांना अपूर्णांक शिकवू लागतो. नदीची पातळी मोजायला आपल्याजवळ पट्टी आहे. मुलाच्या मनातले पाणी कोठवर चढले आहे, हे पाहणारा माणूस आपण नेमलेला नाही.

कायद्यांची उणीव नाही. शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधावे, असे त्यांत आहे. शहरातल्या मोठ्या शाळा जाहिरात देऊन माणूस नेमतील. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांची पटसंख्या शंभराच्या आत आहे. त्यांनी संधान बांधायचे कोणाशी? या प्रश्नाचे उत्तर याच सभागृहात बसले आहे. मानसशास्त्राची पदवी घेऊन पुढे स्पर्धा परीक्षेच्या वर्गात बसणारे हे तरुण, योग्य प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली, तर ते काम करू शकतील. केवळ बी. ए. झालेला माणूस चिकित्सक होत नाही, हे मला मान्य आहे. उपचार तज्ज्ञानेच करावेत. पण मुलाचे ऐकून घेणे, बदल टिपणे आणि वेळीच तज्ज्ञाकडे पोचवणे, हे काम शिकवता येण्याजोगे आहे.

काही जण म्हणतात, जेथे छप्पर गळते तेथे मानसशास्त्राची चैन कशाला? मला हा युक्तिवाद गरिबांच्या बाजूचा वाटत नाही. श्रीमंताच्या मुलाचे मन दुखले तर त्याला शिकवणी, वैद्य, सुट्टी आणि दुसरी शाळा, हे सर्व मिळते. गरिबाच्या मुलाला एकच शाळा असते आणि एकच शिक्षक. तो शिक्षक जाणता असणे ही म्हणूनच त्याची पहिली गरज आहे. छप्परही हवे आणि जाणता शिक्षकही हवा. दोहोंपैकी एक निवडा, असे सांगणाऱ्याला मुळात दोन्ही द्यायचे नसते.

आज नवा टप्पा आला आहे. २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांचे शालेय अनुभव ठरले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ संस्थांत ती प्रायोगिक पातळीवर सुरू झाली. चार वर्षे अभ्यास ही कल्पना चांगली आहे. परंतु चार वर्षांचे शुल्क कोण भरणार? रोवणीला जाणाऱ्या बाईची आणि विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी चार वर्षे कशाच्या बळावर शिकेल? ही पदवी खासगी दुकानांच्या हाती गेली, तर डी. एड.चा इतिहास दुप्पट किमतीला पुन्हा घडेल. आणि शेतकऱ्याच्या घरातून शिक्षक यावा ही जोतीरावांची मागणी कायमची निकालात निघेल.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. पहिली: ही चार वर्षांची पदवी प्रत्येक जिल्ह्यात शासकीय संस्थेत, विद्यावेतनासह उपलब्ध असावी. दुसरी: विद्यापीठाने अध्यापनाच्या आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे एक सामाईक प्रात्यक्षिक ठेवावे. दोघांनी मिळून एका गावातल्या एका मुलाचे वर्षभर निरीक्षण करावे, त्याचे घर, त्याची बोली, त्याचे खेळ, त्याची भीती यांची वही ठेवावी, आणि तिला लेखी परीक्षेइतकेच वजन असावे. त्या वहीतले मुलाचे नाव आणि गुपित मात्र बाहेर जाऊ नये. तिसरी: प्रत्येक केंद्रशाळेत एक समुपदेशक नियमित वेतनावर नेमावा, त्याने केंद्रातल्या लहान शाळांना ठरल्या वारी भेट द्यावी आणि जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाशी जोडलेले असावे. चौथी: शिक्षकाला मानधनावर राबवण्याची प्रथा बंद व्हावी.

विद्यार्थी मित्रहो, या मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. सामाईक प्रात्यक्षिकाला विद्यापीठाची परवानगी लागेल. ते सुरू करायला लागणार नाही. पलीकडच्या भंडाऱ्यात शिकणारे तुम्ही आणि अलीकडच्या शाळेत शिकवणारे आम्ही महिन्यातून एक शनिवार एकत्र बसू शकतो. प्रत्येकाने एक मूल घ्यावे, ज्याच्यासमोर पटावर 'अबोल' किंवा 'अनियमित' असे लिहिले आहे, आणि ते तसे का आहे याचा शोध घ्यावा. वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन आपण विद्यापीठाच्या दारात जाऊ. त्या वेळी मागणी आपण करीत असू, पण तिचा पुरावा त्या मुलांनी दिलेला असेल. येत्या शनिवारपासून आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.