चला, देवराष्ट्र्याला!
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मेळाव्यानंतर सहल काढायची म्हटल्यावर आपल्या ग्रुपवर तारकर्ली, महाबळेश्वर अशी नावं आली. मी वेगळं गाव सुचवते : देवराष्ट्रे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात, सागरेश्वर अभयारण्याजवळ हे गाव आहे. तिथे यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलं आहे. १२ मार्च १९१३ रोजी, आजोळी, त्यांचा जन्म झाला. पुढे ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती सांभाळून उपपंतप्रधानही झाले. पण हे घर वाडा नाही की बंगला नाही. शेतकऱ्याचं साधं घर आहे.

तिथे गेल्यावर मला पदांपेक्षा विठाई आठवतात. यशवंतराव लहान असतानाच वडील गेले. आईला अक्षरओळख नव्हती, तरी तिने मुलांची शाळा सुटू दिली नाही. १९३२ साली, शाळेत असतानाच, यशवंतराव स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले. तरी १९३४ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९३८ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए.

मुख्यमंत्री असताना त्यांनी गरीब घरच्या मुलांना फी माफ केली. तीच आपल्या आईवडिलांच्या तोंडची 'ईबीसी'. माझे बाबा ईबीसीचा फॉर्म भरून शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले ते पहिलेच. म्हणून मी इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर 'मुलीला एवढं कशाला शिकवायचं?' हा प्रश्न आमच्याकडे निघालाच नाही.

आजही राजारामपुरीच्या गल्ल्यांतून धुणीभांडी करून मुलींना शाळेत पाठवणाऱ्या विठाई आहेत. दहावीपर्यंत त्या रेटतात. पुढच्या फीचा, हॉस्टेलचा आकडा ऐकला की थबकतात. सवलती आहेत, पण प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप हा खर्च उरतोच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बसमध्ये शाळेच्या दहावीच्या मुलींसाठी जागा ठेवू. येताना कराडला 'विरंगुळा' हा यशवंतरावांचा बंगला आणि प्रीतिसंगमावरची समाधी दाखवू. आणि आपल्या बॅचतर्फे दरवर्षी निदान दोन मुलींचा दहावीनंतरचा खर्च उचलू. फोटो काढून परत आलो, एवढ्यावर ही सहल संपू नये.

दोन कोऱ्या याद्या घेऊन आले आहे : एक सहलीची, एक वर्गणीची. जेवणाआधी दोन्हींवर नाव घाला.