तीस गळ्यांचा वाद्यवृंद



नोरा चेंबर्स लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये व्हायोलिन शिकल्या होत्या. १९४३ साली त्या सुमात्रा बेटावर, पालेम्बांगच्या छावणीत जपान्यांच्या कैदेत होत्या. जवळ वाद्य नाही, स्वरलिपीची पुस्तकं नाहीत, आणि कोण कुठे शिकलं याची चौकशी करणारंही कोणी नाही. छावणीत शौचकूपांमधला मैला करवंट्यांनी उपसावा लागे. त्यातून ना डॉक्टरीण सुटे, ना मळेवाल्याची बायको. ब्रूस बेरेसफोर्ड यांच्या ‘पॅरडाइज रोड’ (१९९७) या चित्रपटात ग्लेन क्लोज यांनी साकारलेली भूमिका याच नोराबाईंवर बेतलेली आहे. चित्रपटात नावं बदलली आहेत, काही प्रसंग तर चक्क रचलेले आहेत. छावणीतलं गाणं मात्र खरं आहे.

या बायका तिथे पोहोचल्या कशा? सिंगापूर पडलं १५ फेब्रुवारी १९४२ ला. त्याआधीच्या दिवसांत बायका-मुलांनी खच्चून भरलेली जहाजं बंदरातून निघाली आणि बांका बेटाजवळच्या समुद्रात त्यांपैकी कित्येक जपानी विमानांनी बुडवली. ‘व्हायनर ब्रूक’ या जहाजावर ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिका होत्या. त्यांतल्या २२ जणी बांकाच्या एका किनाऱ्याला लागल्या, वाचलेल्या बाकीच्या दुसरीकडे. जपानी सैनिकांनी या २२ जणींना पुन्हा पाण्यात चालायला लावून मागून गोळ्या घातल्या. त्यांतली एकच वाचली, व्हिव्हियन बुलविंकल. अशा नशिबाने तगलेल्या इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि डच बायका एका काटेरी कुंपणाआड आल्या. भुकेल्या माणसांचं आपसांत फारसं गूळपीठ जमत नाही. इंग्रज आणि डच बायकांमधली धुसफुस चित्रपटातही दिसते.

मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी शिक्षिका त्याच छावणीत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, जाड चष्म्याच्या. बाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती. आपल्याकडे शंभर-दोनशे चिजा मुखोद्गत असणं ही गवयाची किमान पात्रता मानली जाते, त्यामुळे मराठी श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. पण सिंफनी म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या डझनभर वाद्यांचं वेगवेगळं काम, आणि ते सारं कागदावर लिहिलेलं. त्यातलं सार डोक्यातून काढून बायकांच्या आवाजांच्या चार ओळींत बसवायचं होतं, तेही पुरुषांचा खर्ज हाताशी नसताना. ड्रायबर्ग आणि चेंबर्स या दोघींनी मिळून शोपेन, ब्राम्स, बेथोवेन, दब्युसी, द्वोर्झाक यांच्या अशा तीसेक रचना सिद्ध केल्या. कागद मिळेल तेवढ्यावर हाताने नकला काढल्या.

शब्द नव्हतेच. ‘आ’, ‘ऊ’, ‘लू’ एवढ्यावर काम. त्यामुळे डच बाईला इंग्रजी येत नाही ही अडचण उरली नाही. गाणाऱ्या तीस. बहुतेकींना संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं. नोराबाईंचं खरं कसब दिसतं ते इथे. अकॅडमीत शिकवतात ते तयार वादकांसोबत वाजवायला. मलेरियाने थरथरणाऱ्या, मूठभर भातावर जगणाऱ्या नवख्या बायकांकडून द्वोर्झाक कसा बसवून घ्यायचा, याचा अभ्यासक्रम तेव्हाही नव्हता आणि आजही कुठल्या विद्यापीठात नसेल. ज्ञान स्वतःपुरतं असणं आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात उतरवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी पहिलीची मिळते.

२७ डिसेंबर १९४३. पहिला कार्यक्रम. गायिका बसून गायल्या, कारण उभं राहण्याचं त्राण नव्हतं. सुरुवात द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतल्या संथ लार्गोने झाली. जमाव जमलेला पाहून एक पहारेकरी संगीन घेऊन ओरडत आला. गाणं थांबलं नाही. तोच थांबला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. ही हकिकत छावणीतून वाचलेल्या हेलन कोलाइन यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. पडद्यावर हा प्रसंग आला की एरवी भावनेचे रंग जरा भडक फासणारा हा चित्रपट शहाण्यासारखा गप्प बसतो आणि सुरांना बोलू देतो.

पदवीदानाच्या भाषणात अशा गोष्टीचा शेवट विजयात करायची पद्धत आहे. इथे तो तसा होत नाही. १९४४ च्या अखेरीस कैद्यांना बांका बेटावरच्या मुंटोकला हलवलं, आणि मलेरिया, बेरीबेरी, हगवण यांनी माणसं पटापट जाऊ लागली. गाणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक गेल्या. उरलेल्यांच्या अंगात दम राहिला नाही, तेव्हा १९४५ मध्ये गाणं बंद पडलं. ड्रायबर्ग एप्रिल १९४५ मध्ये वारल्या; जपानची शरणागती अवघ्या चार महिन्यांवर होती. त्या ६५ परिचारिकांपैकी घरी परतल्या २४. संगीताने जीव वाचवले असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. क्विनाइन आणि भात मिळाला असता तर वाचले असते. संगीताने तासाभरापुरतं कैद्यांना माणसांत आणलं, आणि वाचलेल्या बायकांच्या लेखी ते थोडं नव्हतं.

हेलनची बहीण आंतोनेट कोलाइन त्या गायिकांपैकी एक. तिने हाताने लिहिलेली स्वरलिपी छावणीतून जपून आणली आणि १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला दिली. पुढे कॅलिफोर्नियातल्या बायकांच्या एका गायनवृंदाने ती पुन्हा गायली. चित्रपटात ऐकू येतात त्या याच मूळ रचना, नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराच्या ‘माले बाब्ब’ या महिला वृंदाने गायलेल्या. तिथल्या गायिका नीट जेवलेल्या आहेत, आवाज भरदार आहेत, एवढं ध्यानात ठेवून ऐकायचं.

स्नातकांनो, आज घरी गेल्यावर ‘माले बाब्ब’ने गायलेल्या या रचनांची ध्वनिमुद्रिका शोधा. आधी ती ऐका. चित्रपट नंतर पाहिला तरी चालेल.