माकडहाड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवरून माझा पाय घसरला आणि मी बसल्या जागी आपटलो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, ‘‘मोडलं काही नाही. माकडहाडाला मार बसलाय. तीन आठवडे बसताना त्रास होईल.’’ मी घरी येऊन कुशीवर पडून राहिलो.

संध्याकाळी आमचे शेजारी आण्णा भेटायला आले. आण्णा माळकरी. दरसाल वारी चुकवत नाहीत. चार पंढरपुरी म्हशी बाळगून आहेत आणि आमच्या घरी दूध त्यांचंच. त्यांच्याबरोबर त्यांची नात होती. ती दहावीत आहे. माझी चौकशी करता करता तिनं विचारलं, ‘‘आजोबा, त्या हाडाला माकडहाड का म्हणतात? आपल्याला शेपूट होतं?’’

मी उत्तर देण्याआधीच आण्णा म्हणाले, ‘‘कसलं शेपूट घेऊन बसलीस! सर, तुमी शिकवायचा म्हणून आमी गप ऐकायचो. पण माकडाचा माणूस होताना कुणी बघितलाय का सांगा. आनि झाला असंल, तर पन्हाळ्यावरची माकडं अजून माकडंच कशी?’’

मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारत असे. तो अडाण्याचा प्रश्न आहे, असं मी कधी मानलं नाही. त्या संध्याकाळी मी आण्णांना जे सांगितलं, तेच थोडं विस्तारानं आज तुम्हाला सांगणार आहे.

मी आण्णांना विचारलं, ‘‘गावात तुमच्या आडनावाची घरं किती?’’ ते म्हणाले, ‘‘असतील पन्नास-साठ.’’ ‘‘सगळ्यांचा मूळपुरुष एकच ना?’’ ‘‘एकच.’’ ‘‘मग समोरच्या वाड्यातला तुमचा चुलतभाऊ हा तुमचा बाप आहे का?’’ आण्णा हसले. उत्क्रांतीचं म्हणणं एवढंच आहे. आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला, असं डार्विननं कधीच म्हटलेलं नाही. माकडं आपले बाप नव्हेत, ती आपली भावकी आहे. चिंपांझी हा सगळ्यांत जवळचा भाऊबंद. त्याची आणि आपली वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटली. पन्हाळ्यावरच्या माकडांशी आपली वाटणी झाली त्याच्याही फार आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी. वाटणी झाल्यावर जो तो आपापल्या वाड्यात वाढला. चुलतभावानं तुमच्यासारखं का व्हावं?

आता शेपटाचं. आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येक बाळाला इवलंसं शेपूट असतं. आठव्या आठवड्यापर्यंत ते विरून जातं. पाठीच्या कण्याच्या टोकाला तीन ते पाच बारके मणके जुळून राहतात, तेच माकडहाड. ते अगदीच निकामी नाही, काही स्नायू त्याला बांधलेले आहेत. पण त्याची ठेवण मात्र शेपटाच्या बुंध्याची आहे. चिंपांझी आणि गोरिला यांनाही शेपूट नसतं, कारण ते हरवलं ते आपल्या सगळ्यांच्या सामाईक पूर्वजाकडून. २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. शेपटाच्या वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकात फार पूर्वी घुसलेला एक छोटा तुकडा आपल्यात आणि या बिनशेपटीच्या वानरांत सापडतो, शेपूटवाल्या माकडांत सापडत नाही. म्हणजे वाटणीचा कागदच हाती लागला म्हणायचा.

‘‘पण बघितलंय कुणी?’’ आण्णांनी मुद्दा सोडला नाही.

मी म्हटलं, तुम्हीच बघितलंय. तुमच्या गोठ्यात बघा. पंढरपुरी म्हशीची ती खांद्याच्या मागे जाणारी तलवारीसारखी शिंगं कुठून आली? रानातल्या म्हशीत आणि तुमच्या म्हशीत एवढा फरक का? पिढ्यान् पिढ्या गवळ्यांनी कुठली रेडी ठेवायची, कुठला रेडा लावायचा, हे ठरवलं. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढायची, तर चार माणसांत न बुजता पान्हा सोडणारी म्हैस हवी. अशीच जनावरं राखली गेली. डार्विननं १८५९ साली आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा पहिल्याच प्रकरणात त्यानं पाळीव कबुतरांचा दाखला दिला होता. माणूस निवड करून शे-दोनशे वर्षांत एवढा फरक पाडू शकतो, तर थंडी, दुष्काळ, रोग आणि शिकारी प्राणी यांनी कोट्यवधी वर्षं केलेल्या निवडीनं काय होणार नाही?

आणि नुसती म्हैसच कशाला? करोना आठवा. २०२० च्या अखेरीस ‘डेल्टा’ हा प्रकार आपल्या देशात प्रथम आढळला आणि २०२१ च्या उन्हाळ्यात त्यानं घराघरांत काय केलं, ते मी सांगायला नको. त्याच वर्षाच्या शेवटी ‘ओमायक्रॉन’ आला. विषाणूच्या नकला होताना चुका होतात. ज्या चुकीमुळे तो जास्त पसरतो, ती चूक टिकते. बोंडअळीला मारणारं बीटी कापूस २००२ साली आपल्याकडे आलं. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं गुलाबी बोंडअळी ते खाऊनही जगताना पाहिली. ज्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. डॉक्टर सांगतात, औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका, त्यामागेही हीच भीती आहे. ही सगळी डोळ्यांदेखतची उत्क्रांती आहे.

आपल्या दाजीपूरच्या जंगलातून २००९ साली वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालीची एक नवी जात जगापुढे आणली. जमिनीवर राहणारी छोटी पाल. तिच्या शास्त्रीय नावात चक्क कोल्हापूर आहे, ‘निमास्पिस कोल्हापूरेन्सिस’. तिच्या भाऊबंदांच्या कितीतरी जाती सह्याद्रीत सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक जाती एखाद्या लहानशा टापूपुरत्याच आहेत. एका डोंगरावरची पाल दरी ओलांडून पलीकडे जात नाही. वेगळं राहता राहता जात वेगळी होते. वाड्यांची वाटणी तिथंही चालूच आहे.

मग वाद कशाचा? अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. १९२५ साली टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. शिक्षा पुढे तांत्रिक कारणानं रद्द झाली, पण तो कायदा १९६७ पर्यंत टिकला. बायबलमधल्या पिढ्या मोजून पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं धरणाऱ्यांना डार्विन परवडणारा नव्हता. देवानं प्रत्येक प्राणी वेगळा आणि आहे तसाच निर्माण केला, असं मानणाऱ्या या मताला सृष्टिवाद म्हणतात. आपल्याकडे एक कल्पच ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं आहे म्हटल्यावर आपल्यापैकी कुणी दचकत नाही. त्यामुळे आपल्याकडे हा वाद नाहीच, असं आपण समजत आलो.

पण तसं नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असं सांगितलं. कारण दिलं ते आण्णांचंच, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याला विरोध केला. पुढे करोनानंतर विद्यार्थ्यांवरचा बोजा कमी करायचा म्हणून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असं उत्तर मिळालं. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं किती? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा पहिलाच धडा होता, याचा मला शिक्षक म्हणून आनंद वाटला.

आता माझी एक चूक सांगतो. हा धडा शिकवताना मुलांना सोपं जावं म्हणून मी अनेक वर्षं दशावताराचा आधार घेत होतो. आधी पाण्यातला मत्स्य, मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारा कूर्म, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन. मुलं खूश, पालक खूश, मीही खूश. आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं एक वाक्यही मी शेवटी जोडत असे.

एका वर्षी चाचणीचे पेपर तपासत होतो. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीनं लिहिलं होतं : माशाचं कासव झालं, कासवाचं डुक्कर झालं, डुकराचा सिंह झाला आणि सिंहाचा माणूस झाला. मी लाल पेन हातात धरून बसलो. गुण कुणाचे कापायचे? तिनं मी शिकवलेलंच लिहिलं होतं. त्या दिवशी मला माझी चूक कळली. दशावतार ही एकावर एक पायऱ्यांची शिडी आहे आणि वर माणूस उभा आहे. उत्क्रांती हे फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. त्यात कासव हे अर्धवट राहिलेलं डुक्कर नसतं, ते पुरतं कासवच असतं. अवतार देव स्वेच्छेनं घेतो, संकट निवारायला घेतो. निसर्गाच्या निवडीत इच्छा नाही, हेतू नाही. त्या कथेचं मोठेपण वेगळं आहे. तिला शास्त्राचं प्रमाणपत्र चिकटवून मी कथेचंही नुकसान केलं आणि शास्त्राचंही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसं कबूल केलं आणि धडा पुन्हा शिकवला.

आपल्या भागात या विषयाचं खरं मर्म आणखी वेगळं आहे. आपल्याकडचा उत्पत्तीचा वाद पृथ्वीच्या वयावरून झाला नाही, तो माणसावरून झाला. मुखातून एक वर्ण, बाहूंतून दुसरा, मांड्यांतून तिसरा आणि पायांतून चौथा, ही आपली उत्पत्तिकथा. डार्विननं माणसाच्या वंशावर ग्रंथ लिहिला १८७१ साली. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं. दोन पुस्तकांचा मी संबंध जोडत नाही. पण फुल्यांनी त्यात नेमकं या उत्पत्तिकथेलाच आव्हान दिलं आणि दशावताराचा अर्थही आक्रमणांचा इतिहास म्हणून लावला. आपल्या पंचगंगेच्या घाटावर १८९९-१९०० च्या सुमारास काय घडलं, ते प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत आहे. खुद्द छत्रपती शाहू महाराजांच्या स्नानाला वेदोक्त मंत्र म्हणायला नकार मिळाला, कारण त्यांना शूद्र ठरवलं गेलं. राजाची ही गत, तर रयतेची काय असेल? तुमचा जन्म कुठून झाला, या कथेवर तुमच्या कानी कुठला मंत्र पडणार, हे ठरत होतं.

इथं ते माकडहाड मला महत्त्वाचं वाटतं. ते सगळ्यांना आहे. मंत्र म्हणणाऱ्यालाही आणि मंत्र नाकारला गेला त्यालाही. सगळ्या माणसांचं मूळ एक, आणि तेही काही कुणाच्या मुखातलं नव्हे. उत्क्रांतीच्या नावाखालीही माणसांची उतरंड लावणारे लोक निघाले, त्यावरून युरोपात फार अनर्थ झाले, हेही विसरू नये. पण तो त्या शास्त्राचा गैरवापर होता. शास्त्र स्वतः एवढंच सांगतं की भावकी एकच आहे.

आण्णांनी शेवटी मनातलं विचारलं. ‘‘मग सर, आमी वारी सोडायची का?’’ मी म्हटलं, अजिबात नाही. डार्विनचा अमेरिकेतला खंदा पाठीराखा, वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे, पक्का श्रद्धावान ख्रिस्ती होता. विठ्ठल का, हा प्रश्न तुमचा. शेपूट कुठं गेलं, हा प्रश्न नातीचा. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या श्रद्धेकडून मागू नका, आणि तिला विचारताना गप्प करू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उठता उठता म्हणाले, ‘‘म्हंजे सर, माझी म्हैसबी भावकीतलीच म्हणायची.’’

‘‘लांबची, पण भावकीतलीच.’’

‘‘बरं हाय,’’ आण्णा म्हणाले. ‘‘बांधावरनं भांडत न्हाई, अशी भावकीत ती एकटीच.’’

नात हसत सुटली. मलाही हसू आवरेना, आणि हसताना माकडहाडातून अशी कळ गेली की काय सांगू!